सहस्रचंद्रदर्शनाची कार्डं: डाय-कट थर नेमके कसे चढवावेत?

वृंदा_सांगली

नमस्कार मंडळी,

मार्गशीर्षात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. पत्रिका छापायला टाकायची बोलणी चालली होती, तेवढ्यात ‘कशाला, मी घरीच करते की’ असं मी नणंदेच्या देखत बोलून बसले. आता माघार घ्यायची सोय नाही. साठ कार्डं करायची आहेत. बरीचशी इथल्या इथे हातोहात जातील, बाकीची पोस्टाने, आणि दहा-बारा इंग्लंडला, पुतण्या आणि त्याच्या तिकडच्या गोतावळ्यासाठी.

मशीन हाताने फिरवायचं आहे, सिझिक्सचं बिग शॉट. (नवख्यांसाठी: डाय म्हणजे धारदार कडेची धातूची आकृती. ती कागदावर ठेवून मशीनमधून फिरवली की तो आकार कापून निघतो, तेच डाय-कट.) आजवर राख्या, हळदीकुंकवाची पाकिटं, बारशाची कार्डं असलं बरंच काही त्यावर केलंय, पण ते एका थराचं, फार तर दोन.

या वेळचं डिझाइन असं: ए-४ कार्डस्टॉक मधोमध दुमडून ए-५ कार्ड, उभं. दर्शनी भागावर गडद निळं आकाश. त्यावर चंद्र, म्हणजे एकात एक बसणाऱ्या गोल डायच्या संचातून कापलेले तीन गोल: फिकट निळा, त्याहून फिकट, आणि मधे पिवळसर. चंद्रावरून तिरकी गेलेली पानाफुलांची फांदी, तिची डाय अतिशय नाजूक आहे. खाली डाव्या कोपऱ्यात तुळशीवृंदावन. ते सासूबाईंच्या माहेरचं, वाईच्या वाड्यातलं. जुन्या फोटोवरून मी रेखाटलंय, त्याची अर्थातच डाय नाही, सध्या कात्रीनेच कापतेय.

नमुने करून बघितले आणि अडले. प्रत्येक थराखाली फोम टेप लावली, तरी दोन हातांवरून बघितलं तर सगळं छापल्यासारखं सपाट दिसतं. एवढे थर देऊन उठाव का येत नाही? दुसरं, फोमऐवजी फेव्हिकॉल लावून बघितलं तर रात्री सरळ ठेवलेलं कार्ड सकाळी कमानीसारखं वाकलेलं. फांदीची टोकं डायमध्येच अडकून तुटतात. निळ्या कागदाच्या कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात. आणि फोम लावलेलं कार्ड पाकिटात घातलं की पाकीट फुगून बसतं, पोस्टात त्याचं काय होईल देव जाणे.

जाणकारांनी कृपया सांगा. ‘यूट्यूबवर बघा’ सांगू नका, बघून झालंय. तिथे सगळ्या बायका एकच कार्ड करतात आणि ते कधीच पोस्टात टाकत नाहीत.

नुसताच_वाचक

कॅनव्हावर करा, व्हॉट्सॲपवर पाठवा, साठ काय सहाशे होतील. पोस्टाचाही प्रश्न नाही.

वृंदा_सांगली

नुसताच_वाचक, सासूबाईंकडे बटणांचा फोन आहे. पुढे बोला.

काडेपेटी (ठाणे)

वृंदाताई, डिझाइन छान आहे, पण चंद्र चुकीच्या बाजूला आहे. म्हणजे वर आहे, तो खाली हवा. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

थरांचा उठाव थरांच्या संख्येवर नसतो, सावलीवर असतो. तुमचं एक कार्ड खिडकीशी आडव्या उजेडात धरा आणि नीट बघा. सगळे थर सारख्या जाडीच्या फोमवर असले की प्रत्येकाची सावली तेवढीच, नखभर. डोळ्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. मी प्रदर्शनात कार्डं विकते, तिथे सहा थर असलेली आणि कुणी हातात न घेतलेली कार्डं ढिगाने बघितली आहेत. माझा शिरस्ता असा: एका कार्डात एकच मोठी उंची. बाकी सगळं सपाट चिकटवायचं. फार तर एक छोटा तुकडा दुसऱ्यांदा उचलायचा.

आता तुमच्या चंद्राबद्दल. गोल कापून वर चिकटवू नका, त्याच डायने आकाशाला भोक पाडा. सर्वांत मोठी गोल डाय गडद निळ्या कागदावर ठेवून कापा. तिच्यापेक्षा एक घर लहान डायने फिकट निळ्याला भोक. मागे पिवळसर कागद. आता मागून पुढे रचा: बेसवर, म्हणजे दुमडलेल्या कार्डावर, पिवळसर, त्यावर फिकट निळं सपाट चिकटवलेलं, आणि त्यावर फोम लावून गडद निळं आकाश. आकाश उचललं जातं, चंद्र खोल राहतो, आणि फिकट निळ्याची जी बारीक कड भोकातून डोकावते तेच चंद्राचं खळं. एकात एक बसणाऱ्या डायमध्ये लगतच्या दोन मापांत साधारण चार-पाच मिलिमीटरची कड सुटते, तेवढी पुरे. तुमच्या संचात अंतर जास्त असेल तर खळं जाडजूड होईल, मग ते न घेतलेलं बरं.

फांदी तिरकी येऊ द्या, पण तिच्याखाली फोम नको. ती आकाशाच्या कागदावर सपाट चिकटवा आणि निम्मी भोकावरून जाऊ द्या. जिथे ती भोक ओलांडते तिथे तिच्याखाली आपसूक मिलिमीटरभर पोकळी असते, आणि पानांची सावली थेट चंद्रावर पडते. कार्ड हलवलं की ती सावलीही सरकते. हा परिणाम पैसे देऊन विकत मिळत नाही. फांदीची दोन टोकं मात्र भोकाच्या दोन्ही बाजूंना कागदावर टेकली पाहिजेत, अधांतरी टोक पाकिटातून काढताना हमखास दुमडतं.

कागद वाचवायचा तर फिकट निळ्याचा अख्खा ए-५ ताव वापरू नका. भोकाच्या भोवती दोन बोटं कड राहील एवढा चौकोन पुरतो, बाकी आकाशाखाली कुणाला दिसणार आहे? पिवळसरचंही तेच. आकाशातून निघालेले साठ गडद निळे गोल टाकू नका, पाकीट बंद करताना सील म्हणून लावा किंवा आत कार्यक्रमाची वेळ लिहायला. फक्त एक पथ्य: मधे चौकोन आला की भोवती तेवढीच पायरी पडते, म्हणून आकाशाचा फोम चौकोनाच्या बाहेर, थेट बेसवर लावा, आणि चौकोनाचे कागद दीडशे-दोनशे जीएसएमच्या (चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन, जास्त म्हणजे कागद जाड) वर जाऊ देऊ नका.

फांदी तुटते कारण कागद जाड आहे, असा माझा अंदाज. बेससाठी घेतलेला अडीचशे-तीनशेचा कार्डस्टॉकच फांदीला वापरताय का? नाजूक डायला १६० ते २०० जीएसएमचा, गुळगुळीत, घट्ट विणीचा कागद लागतो. डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा घाला, स्वयंपाकघरातला चालतो. त्याच्या मेणचटपणामुळे कागद डायमधून अलगद सुटतो. मशीनमधून एकदा नेऊन परत आणा, मग डाय पाव वळण फिरवून पुन्हा. एकाच कोपऱ्यात कापलं जात नसेल तर तेवढ्याच जागी प्लेटखाली (ज्या प्लेटांमध्ये डाय आणि कागद दाबले जातात) साध्या कागदाची एक घडी सरकवा. प्लेटा एकाच बाजूने वापरल्या की त्यांना बाक येतो, तेव्हा दर खेपेला उलटसुलट करा. आणि डायच्या पाठीला बारीक भोकं असतात ती नुसती शोभेची नाहीत, तिथून सुईने कागद ढकलायचा असतो. टोकाला धरून ओढायचा नसतो.

अशा फांदीला गोंद लावणं ही शिक्षा आहे. साठ फांद्यांना तर नकोच. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शीट मिळते, ती कापण्याआधीच कागदाच्या पाठीला लावून टाका आणि मग डाय चालवा. कापून निघालेली फांदी थेट स्टिकर होते. भोकावर येणाऱ्या भागाच्या पाठीचा चिकटपणा मात्र मारावा लागतो, थोडी टाल्कम पावडर बोटाने लावली की झालं.

पांढऱ्या कडांचं कारण कागदातच आहे. काही रंगीत कार्डस्टॉकला रंग फक्त वरून असतो, आत पांढरा. दुकानात कोपरा किंचित फाडून बघा, दुकानदार रागावला तर दुसरं दुकान. कागद आधीच घेऊन ठेवला असेल तर त्याच रंगाच्या स्टॅम्प पॅडवर स्पंजचा तुकडा टेकवून कापलेल्या कडेवरून फिरवा. भोकाची कड तर नक्कीच रंगवा, डोळा तिथेच जातो.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला एस्थर हाउलँड नावाची बाई होती. १८४० च्या दशकाच्या अखेरीस तिने घरातच मैत्रिणींना बसवून व्हॅलेंटाइन कार्डं करायला घेतली आणि पुढे त्याचा मोठा धंदा केला, १८८१ मध्ये विकला. कागदी जाळीखाली रंगीत कागदाचा तुकडा घालून जाळी उठावदार करायची, ही तिची खासियत. आणि थर उचलायला ती कागदाच्या पट्टीला चुण्या घालून केलेली स्प्रिंग लावायची. तुमच्या पोस्टाच्या प्रश्नावर हा उतारा आहे: चुण्यांची पट्टी पाकिटात दबून बसते, बाहेर काढली की थोडी वर येते. फोमइतकी बळकट नाही, पण वृंदावनाखाली करून बघण्यासारखी आहे.

आणि कृपा करून चंद्राला ग्लिटर लावू नका. ते आजींच्या ताटातल्या श्रीखंडापर्यंत पोचतं.

ट्रेडलवाला (पुणे)

काडेपेटीताईंनी कलेचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. नारायण पेठेत आमचा छापखाना होता, लग्नपत्रिकांचं पंचिंग आणि क्रीझिंग ट्रेडलवर हातानेच चालायचं. मशीन बंद केलं, सवय राहिली.

कार्ड वाकतं त्यात फेव्हिकॉलचा दोष निम्मा. गिरणीत कागद बनतो तेव्हा त्यातले तंतू बहुतांश एकाच दिशेने पडतात, त्याला आम्ही ग्रेन म्हणतो. पाणी लागलं की कागद ग्रेनला आडवा फुगतो, वाळला की आकसतो. फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. वरचा कागद ओला होऊन पसरला, तसाच चिकटला, मग वाळताना आकसून त्याने बेसला ओढलं. झाली कमान. त्यात दोन कागदांचे ग्रेन एकमेकांना आडवे असले तर वेगळंच वेटोळं होतं.

ग्रेन ओळखायला यंत्र लागत नाही. कागद न मोडता दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा. ज्या दिशेने मुकाट्याने वाकतो, त्या वाकणाला समांतर ग्रेन. खात्री करायची तर टाकाऊ तुकडा फाडा: ग्रेनच्या दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडलात तर वेडावाकडा.

आता गोम अशी की बाजारात सुटा मिळणारा ए-४ बहुतेक वेळा लांब बाजूला ग्रेन असलेला असतो. तुम्ही तो मधोमध दुमडता, म्हणजे घडी आखूड बाजूला समांतर, ग्रेनला आडवी. जाड गडद कागद असेल तर अशा घडीवर रंग तडकतो आणि कार्ड उभं केलं की आपोआप उघडत राहतं. त्यापेक्षा मोठा ताव घ्या आणि घडीला समांतर ग्रेन येईल असे तुकडे कापून मागा. कटिंगवाल्याला ‘ग्रेन घडीला’ एवढं म्हटलंत तरी तो समजतो. घडी घालण्याआधी क्रीझ, म्हणजे घडीची दबलेली रेघ, पाडाच, संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने पट्टीला धरून ओढलं तरी चालतं.

चिकटवायला कोरडी टेप सर्वांत निर्धोक. फेव्हिकॉलच वापरायचा असेल तर पातळ, कडेकडेने, आणि लगेच वहीच्या गठ्ठ्याखाली रात्रभर. शिवाय बेसच्या आतल्या बाजूला मजकुराचा कागद तसाच चिकटवा. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की कार्ड सरळ राहतं. पुस्तकबांधणीतही हेच करतात.

कुणी हातकागद सुचवेल म्हणून आधीच सांगतो. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासूनची, कागद उत्तम, चिंध्यांच्या लगद्याचा. बेसला शोभेल. पण लांब तंतूंमुळे नाजूक डायखाली त्याच्या कडा लवदार निघतात. फांदी त्यात कापू नका.

वृंदावनाबद्दल. आमच्या धंद्यातली डाय म्हणजे प्लायवूडमध्ये चर पाडून त्यात बसवलेली पोलादी पात्याची पट्टी. ती वाकवून आकार देतात, त्यामुळे तुमच्या पणतीच्या कोनाड्याइतकं बारीक वळण तिला जमत नाही, आणि साठ नगांसाठी डाय करून घेणं परवडतही नाही. लेझर कटिंगवाल्याकडे द्या. लेझरने फिकट कागदाची कड तपकिरी भाजते, पण वृंदावन विटकरी रंगाचं घेतलंत तर ते खपून जाईल. किंवा घरीच: चार कागद एकावर एक, आकाराच्या बाहेर स्टेपल मारून पक्के करा, आधी कोनाडा, मग बाहेरची रेघ, नवीन ब्लेडने. कात्रीने साठ कापलेत तर हात दुखून यजमानीणबाई समारंभात ताटं वाढू शकणार नाहीत.

वृंदा_सांगली

काडेपेटीताई, काका, दोघांनाही साष्टांग. भोक पाडून एक नमुना केला. फांदीची सावली चंद्रावर पडते ती बघून नणंदबाई काही न बोलता कार्ड उलटसुलट करत बसल्या, यातच सगळं आलं.

सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘चंद्र आहे ना? मग डाग कुठे?’ आता डाग कसे आणू? शिवाय आकाशाचा कागद मधे खाली बसतो, पाचही ठिकाणी फोम लावला तरी. आणि दर कार्डात भोक जरा इकडेतिकडे होतंय.

काडेपेटी (ठाणे)

सासूबाईंना माझा नमस्कार कळवा, त्यांची नजर पक्की आहे.

डागांसाठी: स्वयंपाकघरातल्या नव्या घासणीच्या स्पंजचा कोपरा तोडा, राखाडी किंवा मातकट स्टॅम्प पॅडवर टेकवा, आधी कोऱ्या कागदावर दोन-तीनदा आपटून शाई उडवा, मग चंद्रावर. डाग एका बाजूला गर्दी करून असावेत, सगळीकडे सारखे पसरले की चंद्राची पुरणपोळी होते.

आकाश मधे बसतं कारण फोम ठिपक्याठिपक्यांनी लावलाय. भोकाच्या भोवती अखंड चौकट हवी: चार पट्ट्या, चंद्राच्या चौकोनाला लागून. मग कार्डाच्या चारही कडांना, कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत. मधल्या मोकळ्या जागेत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर सोडू नका. खाली वृंदावन येणार तिथे तर हमखास आधार द्या, कारण लोक कार्ड तिथेच अंगठ्याने धरतात. टेप एक मिलिमीटरची घ्या. खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे कुणी सुचवले तर ऐकू नका, त्याच्या नळ्या पोस्टात दबल्या की दबल्या.

फोम एकदा टेकला की हलत नाही, म्हणून टेपचा कागद काढल्यावर तिच्यावर फेव्हिकॉलचा अगदी बारीक थेंब ठेवा. पाच-सात सेकंद सरकवायला मिळतात. एवढ्याशा पाण्याने कागद वाकत नाही, काकांनी काळजी करू नये.

भोक एकाच जागी येण्यासाठी: पुठ्ठ्याचा ए-५ तुकडा घ्या, त्यात चंद्राच्या जागी डाय ठेवून एकदा भोक पाडा. हा साचा. दर वेळी आकाशाच्या कागदावर साचा कडेला कड लावून ठेवायचा, भोकात डाय बसवायची, रंगाऱ्यांच्या मास्किंग टेपने डाय कागदाला चिकटवायची आणि साचा काढून मशीनमध्ये घालायचं. टेप लावण्याआधी ती एकदा कपड्यावर थोपटून घ्या, म्हणजे सोडवताना कागदाची साल निघत नाही.

लेस्टरकर

इंग्लंडच्या कार्डांबद्दल लिहितो. इथे रॉयल मेलचं साधं ‘लेटर’ म्हणजे पाकिटासकट जाडी जास्तीत जास्त ५ मिलिमीटर, वजन १०० ग्रॅमपर्यंत, माप २४ बाय १६.५ सेंटिमीटरच्या आत. जाडी त्यापुढे गेली की ते ‘लार्ज लेटर’ होतं आणि तिकीट महाग. पोस्टाच्या काउंटरवर फटी असलेली प्लास्टिकची पट्टी असते, पाकीट त्या फटीतून जातं का ते बघतात. कमी तिकिटाचं कार्ड आलं तर घेणाऱ्याकडून जादा पैसे मागतात. आमच्याकडे एका मुंजीची पत्रिका अशीच पैसे भरून सोडवून घेतली होती, मुंज मात्र छान झाली असावी.

तुमचा हिशेब: बेसच्या दोन पानांचे साधारण पाऊण मिलिमीटर, चंद्राचे कागद अर्धा, फोम एक, आकाश आणि फांदी अर्धा, वृंदावन त्याच्या फोमसकट सव्वा, पाकीट पाव. सव्वाचारच्या आसपास. एक मिलिमीटरच्या टेपने बसतं. दोनची घेतलीत तर जात नाही.

पण खरं सांगू? दहा-बारा कार्डं एकाच खोक्यात घालून पुतण्याला पाठवा, तो इथून तिकिटं लावून टाकेल. कार्डंही कमी चेपतील.

ट्रेडलवाला (पुणे)

वजनाचं राहिलं होतं. ए-४ म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणून तीनशे जीएसएमचा ए-४ पावणेएकोणीस ग्रॅम, अडीचशेचा साडेपंधरा. आपल्याकडे पत्राचा पहिला टप्पा वीस ग्रॅमचा, पुढे दर वीसला जादा तिकीट. तुमच्या कार्डात बेसच साडेपंधरा धरला, आकाशाचे पाच-सहा, बाकीचे थर आणि फोम मिळून तीन-चार, पाकीट सात-आठ. तीस-पस्तीस ग्रॅम. दुसऱ्या टप्प्यातच राहील, तिसऱ्यात जाऊ देऊ नका. पोस्टाच्या कार्डांपुरता अर्ध्या मापाचा ए-६ केलात तर वीसच्या आत बसेल, पण मग वेगळा चंद्र, वेगळं वृंदावन. तो उद्योग करू नका असं माझं मत.

पाकिटं आधी आणा, कार्डं मागून. ए-५ कार्डाला सी-५ पाकीट, १६२ बाय २२९ मिलिमीटर. उंचवटा असलेलं कार्ड आत सरकताना थोडी सूट मागतं, सी-५ मध्ये ती मिळते. कार्ड घालताना एवढं बघा की वृंदावन तिकिटाच्या कोपऱ्याखाली येणार नाही. पोस्टातला शिक्का जोरात बसतो.

निळूभाऊ

वाचनखूण साठवली आहे. वृंदाताई, फोटो टाकाच.

वृंदा_सांगली

फोटो टाकते, आधी साठ होऊ देत. काका, तुमच्या सांगण्यावरून आज कटिंगवाल्याकडे गेले. ‘ग्रेन घडीला’ म्हटलं तर त्याने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘कुठल्या प्रेसच्या तुम्ही?’ ताव उद्या दुपारी मिळणार आहेत. लेझरवाल्याने वृंदावनाचा कोनाडा दोन मिलिमीटर रुंद करून मागितलाय, तेवढं चालेल ना?

ट्रेडलवाला (पुणे)

चालेल. कोनाड्याच्या खालची पट्टी मात्र तीन मिलिमीटरच्या खाली नेऊ देऊ नका, चिकटवताना तिथेच मोडेल. आणि साठ मागत असाल तर पासष्ट कापून घ्या.

नुसताच_वाचक

बरं, पोस्टाने येणाऱ्यांत मी बसत असेन तर पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवतो.